परसातला पाला आणि हृदयाची निगा

अलीकडे खेड्यापाड्यांत एक नवा शब्द फार ऐकू येऊ लागला आहे. तो म्हणजे ‘अँटिऑक्सिडंट’. औषधांच्या डब्यावर तो असतो, मोबाईलवरच्या जाहिरातीत असतो. एखादा गोडबोल्या विक्रेता दारात येतो, पावडरीचा डबा पुढे करतो आणि सांगतो, “रोज दोन चमचे घ्या. बी.पी., शुगर, हार्ट, कशाची म्हणून भीती राहणार नाही.” डब्याची किंमत ऐकून घरधनी चपापतो. पण घरात कोणाला तरी शुगर निघालेली असते, शेजारच्या आळीतला चाळिशीचा माणूस ‘अटॅक’ने गेलेला असतो. मनात धास्ती असते. मग दुधाच्या पगारातून पैसे निघतात आणि डबा घरात येतो.

त्याच घराच्या परसात शेवगा वाऱ्यावर डुलत असतो. कढीपत्त्याला फुटवा आलेला असतो. बांधावरच्या आवळ्याखाली फळांचा सडा पडलेला असतो. तिकडे कोणाचे लक्ष नसते.

तेव्हा बंधुभगिनींनो, या शब्दाची एकदा नीट ओळख करून घेऊ. त्यात खरे किती, जाहिरात किती आणि आपल्या चुलीपाशी त्याचा उपयोग काय, हे समजले तर पैसाही वाचेल आणि जीवही.

लोखंडाला गंज, तेलाला खवटपणा

विळा पावसात बाहेर राहिला की गंजतो. वांगे चिरून ठेवले की काळे पडते. शेंगदाण्याचे तेल उघडे राहिले की खवट होते. या तिन्ही गोष्टींमागे एकच कारण आहे, ते म्हणजे हवेतला प्राणवायू. ज्या प्राणवायूवाचून आपण घटकाभरही जगू शकत नाही, तोच वस्तूंशी संयोग पावून त्यांचे रूप बिघडवतो. याला ऑक्सिडीकरण म्हणतात.

आपल्या शरीरातही हे चालते. खाल्लेली भाकरी शरीरात प्राणवायूच्या मदतीने मंद जळते आणि त्यातून ताकद मिळते. चुलीत लाकूड जळताना ठिणग्या उडतात, तसे या जळण्यातून काही अस्थिर कण निर्माण होतात. डॉक्टर त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. हे कण जवळच्या पेशींना, चरबीला चिकटून त्यांची नासधूस करतात. मात्र ते सर्वस्वी वाईट नव्हेत. रोगजंतू मारण्यासाठी आपल्या पांढऱ्या पेशी याच कणांचा उपयोग करतात. ठिणगी चुलीत असली तर कामाची, गंजीवर पडली तर घात.

ही ठिणगी आवरण्याची सोय शरीराने स्वतःच केलेली आहे. शिवाय अन्नातूनही मदत मिळते. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, गाजर-पालेभाजीतले कॅरोटीन, जांभळाचा, कांद्याचा आणि तांबड्या माठाचा रंग, ही सगळी अँटिऑक्सिडंट द्रव्ये होत. वनस्पती भर उन्हात उभ्या असतात. त्यांनाही या कणांचा त्रास होतो. म्हणून त्यांनी आपल्या पानाफळांत स्वतःच्या रक्षणाची ही द्रव्ये साठवलेली असतात. आपण पाला खातो तेव्हा ती आपल्या वाट्याला येतात.

आता हृदयाशी याचा संबंध काय? रक्तातून चरबी वाहून नेणारे एल.डी.एल. नावाचे कण असतात. ते वाजवीपेक्षा जास्त झाले की रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून बसतात आणि तेथे ‘खवट’ होतात. शरीराच्या पेशी त्यांना परका माल समजून गिळू लागतात आणि तेथेच फुगून अडकतात. वर्षानुवर्षे असे थर साचून वाहिनी अरुंद होते. पाटाला गाळ साचून पाणी अडावे तसाच हा प्रकार. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गाठ जमते आणि हृदयाच्या त्या भागाचे पाणीच तुटते. हाच हार्ट अटॅक. रक्तात साखर सतत जास्त राहिली, तंबाखूचा धूर गेला किंवा रक्तदाब चढा राहिला, तर हे सगळे लवकर घडते.

हा रोग खेड्यात कसा शिरला?

“मधुमेह हा शहरातल्या गादीवरच्या शेटजींचा रोग” असे आपल्याकडे म्हणत. ते दिवस गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि चेन्नईची मधुमेह संशोधन संस्था यांनी देशभर मोठी पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असावा, असा त्यांचा अंदाज आहे. मधुमेह अजून शहरात जास्त आहे. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे प्रमाण खेड्यात आणि शहरात जवळजवळ सारखेच, म्हणजे शंभरात पंधराच्या आसपास आहे. खेड्यातला उंबरठा भरला आहे. उद्या घर भरायला वेळ लागणार नाही.

यात आपल्या मातीशी संबंधित असे एक संशोधन आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या शेतकरी कुटुंबांतल्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. या बाया सडपातळ होत्या. सरासरी वजन अवघे ४२ किलोच्या आसपास होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. आपले बाळ एवढे लहान, पण तपासले तेव्हा दिसले की त्याचे हातपाय आणि स्नायू बारीक असले तरी कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. दिसायला रोड, आतून मेदाळ. अशा अंगात पुढे मधुमेह आणि हृदयरोग लवकर घर करतात.

डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचे आणि इंग्लंडातले डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! तेव्हा “मी तर काटकुळा, मला कसली शुगर?” असे कोणी म्हणू नये. वजनकाट्यापेक्षा कमरेला लावलेली टेप जास्त खरे बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर, यापुढे गेली की सावध व्हावे.

याच सहा गावांच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट प्रत्येक सासूबाईंनी ध्यानात ठेवावी. गरोदरपणात ज्या बाया हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती. पुढे २००८ साली असेही दिसले की ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे कल दिसू लागला होता. बी-१२ वनस्पतीतून मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे यांतून मिळते. म्हणून पाल्याला दुधाची जोड हवी. सगळे दूध डेअरीच्या कॅनमध्ये ओतताना घरातल्या गर्भवतीचा पेला आधी काढून ठेवावा. हा खर्च नव्हे. पुढच्या पिढीचे ते बियाणे आहे.

गोळीने भागेल काय?

“मग अँटिऑक्सिडंटची गोळीच का घेऊ नये? पाला निवडत कोण बसणार?” असे कोणाच्याही मनात येईल. शास्त्रज्ञांच्याही मनात आले होते. त्यांनी ते करून पाहिले.

फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. काहींना गाजरातले बीटा-कॅरोटीन गोळीतून दिले. कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला तो उलटा. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेत तसाच दुसरा प्रयोग चालू होता. तेथेही नुकसानच दिसू लागल्याने १९९६ साली तो मुदतीआधी थांबवावा लागला. २००० साली ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा नऊ हजारांवर लोकांवरचा निकाल आला. हृदयाला काही फायदा झाला नव्हता. इंग्लंडात २० हजारांवर लोकांना ई, क आणि बीटा-कॅरोटीन या तिन्ही गोळ्या पाच वर्षे दिल्या. २००२ साली निकाल लागला. नुकसान नाही, पण हृदयविकारही कमी झाला नाही.

असे का व्हावे? एक तर ठिणग्या शरीराला थोड्या हव्याच असतात. गोळीतून एकच द्रव्य भरमसाट ओतले की तोल जातो. नुसता युरिया ओतून पीक येत नाही, तसेच हे. शेणखतात जसे सगळे थोडे थोडे असते, तसे भाजीत असते. अँटिऑक्सिडंट असतात, शिवाय चोथा, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फोलेट असते. चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. पोटॅशियममुळे रक्तदाब आवरतो. आणि ताटात भाजी वाढली की भात, तळण आणि गोड आपोआप कमी होते. यातला नेमका किती गुण अँटिऑक्सिडंटचा आणि किती बाकीच्यांचा, हे वेगळे काढता येत नाही. पण आपल्याला गुण वेगळे काढायचेच कशाला? भाजी सबंधच खायची आहे.

सबंध आहाराचा फायदा मात्र दिसून आला आहे. अमेरिकेत १९९७ साली ४५९ माणसांवर प्रयोग झाला. फळे, भाज्या आणि कमी चरबीचे दूध असा आहार आठ आठवडे दिला. मीठ तेवढेच ठेवूनही ज्यांचा रक्तदाब चढा होता त्यांचा वरचा आकडा सरासरी अकरा अंकांनी उतरला. स्पेनमध्ये सात हजारांवर लोकांना भाज्या, फळे, कडधान्ये, मासे, आणि जोडीला ऑलिव्ह तेल किंवा रोज ३० ग्रॅम अक्रोड-बदाम असा आहार सुचवला गेला. हा निकाल प्रथम २०१३ साली आला आणि पद्धतीतल्या त्रुटी सापडल्याने २०१८ साली नव्याने तपासून पुन्हा मांडला गेला. हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे येणारे मरण यांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले.

आपल्याला ऑलिव्ह तेल आणायला स्पेनला जायचे नाही. तिकडच्यांनी तिकडचे पिकते ते खाल्ले. आपण आपले खावे.

घरचा वाटा आधी

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांनुसार बैठे काम करणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे हवीत. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो भाजी झाली. आकडा ऐकून दचकू नका. त्यात पालेभाजी, वांगी, दोडका, काकडी, मुळा, टोमॅटो, कांदा असे सगळे आले. आणि आपण पिकवणारेच आहोत.

अडचण आहे ती निराळीच. चांगला माल बाजारात जातो आणि घरी राहतो तो डागी. कित्येकदा तोही राहत नाही. मेथीच्या जुड्या विकून बिस्किटांचे पुडे आणि फरसाण घरी येते. म्हणून एक नियम घरात करावा. पाटी भरण्याआधी घरचा वाटा बाजूला काढावा, जसे आपण बियाण्याचे दाणे आधी काढतो.

काय खावे याची यादी लांबलचक नाही.

पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, टाकळा, कुर्डू, करटुली बांधावर फुकट मिळतात. मात्र तणनाशक मारलेल्या बांधावरचा किंवा फवारणी झालेल्या रानातला पाला आणू नये. हिवाळ्यात मेथी, चाकवत, हरभऱ्याचा कोवळा पाला, गाजर, पेरू, बोरे, आवळा असतात. उन्हाळ्यात शेवगा, कैरी, करवंदे आणि पुढे जांभळे येतात.

क जीवनसत्त्वासाठी महाग संत्र्यांची गरज नाही. मोठ्या माणसाला दिवसाला ८० मिलिग्रॅमच्या आसपास ते लागते. शंभर ग्रॅम पेरूत दोनशेच्या वर आणि आवळ्यात सुमारे अडीचशे मिलिग्रॅम असते. संत्र्यात पन्नासच्या आतबाहेर. म्हणजे अर्धा पेरू खाल्ला की दिवसाचे काम झाले. हिरव्या-तांबड्या मिरचीतही ते भरपूर असते. हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ज्यॉर्जी यांनी क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळे काढले ते तांबड्या मिरचीतूनच, आणि त्यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

भाकरी ज्वारी, बाजरी, नाचणीची असावी. कोंडा काढू नये. जोडीला मटकी, हुलगे, चवळी, तूर यांपैकी काही रोज असावे. जवस, तीळ, कारळे यांची चटणी ताटात चमचाभर असू द्यावी. मूठभर शेंगदाणे खावेत, पण बुरशी आलेला, काळा पडलेला किंवा कडू दाणा वेचून फेकावा. त्यात विष असते.

चुलीपाशी थोडी युक्ती

भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जाते. झाकण ठेवून, थोड्या पाण्यात, बेताची शिजवावी. उकडलेले पाणी फेकू नये, आमटीत घालावे. सोडा टाकू नये.

फोडणीला चमचाभर तेल असू द्यावे. गाजर-पाल्यातले कॅरोटीन तेलाशिवाय अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळावे. त्याने लोह अंगी लागते. लसूण ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवावा, मग फोडणीत घालावा. रोज एक तरी कोशिंबीर कच्ची असावी.

तेलाचे मात्र सांभाळा. बैठ्या माणसाला दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप पुरे. पाच माणसांना महिन्याला चार किलोच्या आसपास. अंगमेहनतीच्या दिवसांत थोडे अधिक चालेल. भजी-पुऱ्या तळून उरलेले काळे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. त्या तेलाचे तापतानाच ऑक्सिडीकरण झालेले असते. म्हणजे आपण पाल्यातून एक हाताने मिळवतो ते दुसऱ्या हाताने घालवतो. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून अशा वारंवार तापवलेल्या तेलाच्या वापरावर मर्यादा घातली आहे. ती हॉटेलवाल्यांसाठी असली तरी आपल्या कढईलाही लागू समजावी.

मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट छोटा चमचा. लोणचे, पापड, ठेचा, खारी बिस्किटे यांतले मीठही त्यातच धरावे. आवळ्याचा मुरांबा औषध म्हणून बरणीभर खाणाऱ्या मधुमेह्यांनी त्यातली साखरही मोजावी.

तंबाखू, झोप आणि चालणे

एकीकडे आवळा आणि दुसरीकडे विडी, हा हिशेब जुळणारा नाही. विडीच्या प्रत्येक झुरक्यात हेच नासधूस करणारे कण असंख्य असतात. ओढणाऱ्याच्या रक्तातले क जीवनसत्त्वही कमी राहते. तंबाखूची चिमूट रक्तदाब चढवते. आपल्या कित्येक मायबहिणी मिशरी लावतात आणि तिला दातांचे औषध समजतात. मिशरी ही तंबाखूच आहे. महाराष्ट्रात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे, पण खरी बंदी घरातूनच यावी लागते.

“आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?” हा प्रश्न पूर्वी बरोबर होता. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, रानात मोटारसायकलने जातो, मोटार मोबाईलवरून सुरू होते. राबणे उरले आहे ते बरेचसे बायांच्या वाट्याला. ज्याच्या अंगाला रोजची मेहनत नाही त्याने अर्धा तास भरभर चालावे. नियमित हालचालीने शरीर स्वतःची अँटिऑक्सिडंट व्यवस्था बळकट करते. ती कोणत्याही डब्यात मिळत नाही. रात्रीची झोप सात तास तरी व्हावी. रात्रपाळीची वीज असेल तर दिवसा थोडी भरून काढावी.

कोणी जपून राहावे

रक्त गोठू नये म्हणून वॉरफेरिनसारखी गोळी चालू असलेल्यांनी पालेभाजी एकदम वाढवू किंवा बंद करू नये. डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंड बिघडलेल्यांना फळे आणि भाज्या मोजून खाव्या लागतात. ज्यांना मुतखडा होतो त्यांनी पालक आणि चाकवत बेताने खावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कारल्याचा किंवा आवळ्याचा रस सुरू केला म्हणून शुगरची, बी.पी.ची गोळी बंद करू नये. आहार गोळीला मदत करतो, तिची जागा घेत नाही.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ आली तर तो उंबरठा समजावा. येथून माघारी फिरता येते, आणि तेथेच या लेखातल्या पाल्याचा आणि चालण्याचा सर्वांत मोठा उपयोग आहे. १२६ वा अधिक आली, किंवा रक्तदाब १४०-९० किंवा त्यावर दिसला, तर पुन्हा तपासून उपचार सुरू करावेत. छातीवर दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप, असे झाले तर ओवा-सोडा देत बसू नये. लगेच १०८ ला फोन करावा. बायांमध्ये कित्येकदा नुसती धाप आणि मळमळच असते. “पित्त झाले असेल” म्हणून ते अंगावर काढू नये.

शेवटी एक गोष्ट घरातल्या कर्त्यांसाठी. आपल्याकडे बाई सगळ्यांच्या मागून जेवते. तोवर कालवणाचे भांडे खरवडलेले असते, भाजी संपलेली असते; उरते ती भाकरी आणि चटणी. पुण्याजवळच्या त्या सहा गावांनी दाखवून दिले की आईच्या ताटातली भाजी लेकराच्या अंगात उतरते आणि आयुष्यभर तेथे राहते. घरात सर्वांनी एकत्र बसून जेवायला आजपासून सुरुवात केली, तर त्याला कोणताही डबा विकत आणावा लागणार नाही.